आम्ही गाडी केली होती

एक, सहा, दोन, पाच, आठ, तीन, सात, चार.

पाढे यायच्या आधी मला हे आकडे येत होते. बेळगावला लागून असलेल्या शहापुरातल्या आमच्या घरी दिवेलागणीला आज्जा एक पितळी परात उपडी घालायचे, अंगठे सोडून दोन्ही हातांची आठ बोटं तिच्यावर ओळीनं ठेवायचे आणि या क्रमानं एकेक बोट आपटायला लागायचे. आधी सावकाश, कुठलं बोट पडलं ते दिसेल इतपत. मग वेग वाढायचा, आकडे एकमेकांत मिसळून जायचे आणि परातीतून एक सलग घुमणारा आवाज निघायचा. तो कानांत कमी आणि छातीत जास्त ऐकू यायचा. आज्जांचे डोळे मिटलेले असायचे. बोटं थांबली की म्हणायचे, "अशी वाजायची बघ गे. आठ प्लग, एका वळीत."

ती म्हणजे रेसची गाडी. आमच्या घरात तिला दुसरं नाव नव्हतं. तिचा फोटो नाही, कागद नाही, नंबर नाही. होती ती ही परात, आणि आज्जांची गोष्ट. गोष्टीची सुरुवात दरवेळी एकाच वाक्यानं व्हायची: "आम्ही गाडी केली होती."

आज्जा मेस्त्री होते. बाराव्या वर्षी कॅम्पातल्या एका गॅरेजात रॉकेलनं पार्ट धुवायला लागले, पुढं स्वतःचं शेड टाकलं. गोष्ट त्यांच्या ऐन विशीतली, लढाई संपल्यानंतरच्या हिवाळ्यातली. जागा सांबऱ्याची धावपट्टी. ब्रिटिश हवाई दलानं ती १९४२ साली, भर युद्धात, प्रशिक्षणासाठी बांधली होती. आज आपण विमान पकडायला जातो ते तिथंच. पहाटेची वेळ, आणि बेळगावचं धुकं. चालवायला एका संस्थानातले धाकटे सरकार. शेजारच्या सीटवर आज्जा, पेट्रोलच्या टाकीत हवा भरायचा हातपंप धरून. धावपट्टीवर दोन फेऱ्या मारल्या. "दुसऱ्या फेरीला डोळ्यातलं पाणी गालावर उतरलंच न्हाई," आज्जा सांगायचे. "सरळ कानात गेलं."

गाडी उघडी होती. मागं होडीसारखी निमुळती. रंग दिलेला नव्हता, नुसता पत्रा. आणि चाकं. चाकांपाशी आले की आज्जांचा आवाज खाली यायचा, देवघरातलं काही सांगावं तसा. "चाकाला तारा नव्हत्या. पानं होती, पानं. आठ. ॲल्युमिनियमची."

घरात या गोष्टीचे दोन पक्ष होते. आत्या म्हणायची, गाडी होती, मी तिच्या सीटवर बसलेय, गरम पत्र्याचा चटका अजून आठवतो. आत्याचा जन्म १९५१चा. गाडी त्याच्या आधीच गेलेली असणार, पण आत्याला चटका आठवतो, आणि ती खोटं बोलणारी बाई नाही. काकांचा मुद्दा साधा होता. "केली म्हणतात. कुणाकडनं केली? रेसची गाडी भाड्यानं कोण देत होतं त्या काळात?" यावर आज्जा काही बोलायचे नाहीत. परात भिंतीला टेकवून ठेवायचे आणि हात धुवायला जायचे.

गाडी कुठं गेली याच्याही तीन गोष्टी. धाकटे सरकार तिला पुण्याला घेऊन गेले. किंवा ती मोडून भंगारात निघाली. किंवा लोंढ्याला रेल्वेच्या डब्यात चढवून कॅसलरॉकवरून गोव्यात उतरवली. कॅसलरॉक म्हणजे तेव्हाची सरहद्द, पलीकडं १९६१पर्यंत पोर्तुगीज. तिसरी गोष्ट मला लहानपणी फार आवडायची. घाटातल्या बोगद्यांतून ती गाडी ताडपत्रीखाली चालली आहे आणि बाहेर पाऊस कोसळतोय, असं मी झोपताना बघत असे.

कागदाचं सांगायला हवं, कारण आमच्या भागात कागद शोधणं म्हणजे काय ते इतरांना चटकन कळत नाही. आज शहापूर आणि बेळगाव यांच्यामध्ये फटही नाही. पण १९४७पर्यंत बेळगाव ब्रिटिशांचं, आणि शहापूर १९४८पर्यंत सांगली संस्थानाचं. कॅम्पातल्या गॅरेजातून सुटून आज्जा घरी यायचे ते रोज एका राज्यातून दुसऱ्या राज्यात. मधे ना डोंगर, ना नदी. ८ मार्च १९४८ला दक्षिणेतली संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. पुढं आठ वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ला, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, १९७३मध्ये त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं, आणि २०१४मध्ये बेळगावचं बेळगावी. आमच्या घराच्या पायरीनं एवढं सगळं जागेवरून न हलता पाहिलं. आता १९४६च्या सुमाराच्या एका मोटारीची नोंद शोधायची तर कुठल्या कपाटात? संस्थानच्या? जिल्ह्याच्या? मुंबईच्या? मोडीत, इंग्रजीत, की नंतर कन्नडमध्ये उतरवून घेतलेल्या वहीत? मी दोन राज्यांतल्या कचेऱ्यांत जाऊन आले. कुठं वाळवीनं खाल्लेली पानं दाखवली, कुठं पुढच्या सोमवारी या म्हणाले. गाडी कुठंच नव्हती.

बावीस वर्षांची असताना मला ते चाक दिसलं.

पुण्यात शिकत होते. मैत्रिणीच्या वडिलांच्या कपाटात जुन्या मोटारींवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. त्यात एक निळी गाडी. पुढं घोड्याच्या नालेसारखा रेडिएटर, मागं होडीसारखी निमुळती शेपटी, आणि चाकाला आठ रुंद, चपटी, ओतीव पानं. मी पुस्तक मिटलं आणि परत उघडलं. बुगाटी टाइप ३५.

पुढची कितीतरी वर्षं माझा रिकामा वेळ या गाडीनं घेतला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही, कारण ती गाडी खरोखर तितकी देखणी आहे. ३ ऑगस्ट १९२४ला फ्रान्समध्ये लियोंच्या ग्रां प्री शर्यतीत ती पहिल्यांदा उतरली. इंजिन दोन लिटरला जेमतेम कमी, १९९१ सीसी, एका ओळीत आठ सिलिंडर. त्या दिवशी टायरांनी दगा दिला आणि शर्यत दुसऱ्यांनी नेली. पण १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षं सिसिलीच्या डोंगरातली टार्गा फ्लोरिओ शर्यत बुगाटीच्याच गाड्यांनी जिंकली. आणि ते चाक. ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला, वेगळा नाही. चाक काढलं की ड्रमही हातात येतो आणि ब्रेकचे शू उघडे पडतात, बघून घ्या, हवे तर बदला. पानं रुंद अशासाठी की ड्रमला वारा लागावा. मेस्त्रीच्या पोटी जन्मलेल्या माणसाला हे वाचून काय होतं, ते मेस्त्रीच्या घरातल्यांनाच कळेल. शर्यतीत मेकॅनिकनं शेजारी बसायची रीत १९२४पर्यंत होती, पुढच्या वर्षी नियमानं बंद झाली, तरी दुसऱ्या माणसाची जागा गाडीत राहिली. म्हणजे आज्जांची सीटसुद्धा तिथं होती.

त्याहून मला धरून ठेवलं ते गावानं. एतोरे बुगाटी जन्मानं मिलानचा. त्यानं १९०९ साली मोल्सहाइमला कारखाना काढला तेव्हा अल्सेस प्रांत जर्मनीत होता. पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्सचा झाला. १९४०मध्ये पुन्हा जर्मन आले, युद्ध संपता संपता पुन्हा फ्रान्स. कारखाना तिथंच. कामगार सकाळी त्याच रस्त्यानं यायचे, वरचा झेंडा आणि भिंतीवरची भाषा बदलायची. हे वाचताना मला ते परकं वाटलंच नाही. याच उलथापालथीत त्यांची सगळ्यांत मौल्यवान गाडी नाहीशी झाली: एतोरेचा मुलगा ज्याँ याची काळी टाइप ५७ अटलांटिक, चेसिस नंबर ५७४५३. युद्धाच्या सुरुवातीच्या काळापर्यंत तिचा माग लागतो, पुढं नाही. जगभरची माणसं तिला अजून शोधताहेत. मला वाटायचं, आपलीही एक हरवली आहे, सांबऱ्याची. ती सापडली तर आज्जा खरे ठरतील.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्या पानाची झेरॉक्स घेऊन घरी आले. आज्जा तेव्हा ऐंशीच्या पुढं गेले होते. चष्मा पुसून त्यांनी कागद खिडकीशी धरला. खूप वेळ बघत राहिले. मग चाकावर बोट ठेवलं.

"चाक हेच."

मला आणखी काय हवं होतं? तरी मी विचारलं, कारण तोवर मी बरंच वाचलं होतं. या बुगाटीचा पुढचा आस पोकळ असतो आणि पाट्याच्या स्प्रिंगा त्याला पाडलेल्या चौकोनी भोकांतून आरपार जातात. असं दुसऱ्या गाडीत सहसा दिसत नाही, ओळखायची खूण आहे. मी विचारलं, "आज्जा, पुढचे पाटे आसातून आरपार होते ना?"

"न्हाई गे. आसाला यू-बोल्टनं बांधलेले. सगळ्यांचे असतात तसे."

मी मनात म्हटलं, वय झालं. विसरले.

हे वाक्य लिहायला मला अनेक वर्षं लागली आहेत, म्हणून ते आहे तसं ठेवते. ज्या माणसानं आयुष्यात हजारो पाटे बांधले आणि सोडले, त्याला पाटे कसे बांधले होते हे आठवत नाही, आणि एका छापील पानावरून ते मला जास्त ठाऊक आहे, असं मी धरून चालले. आज्जांनी 'बुगाटी' हा शब्द कधी उच्चारला नव्हता. तो मी आणला. त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. पुढच्या सुट्टीपर्यंत ते गेले.

आज्जा गेल्यावर शोध आणखी जोरात सुरू झाला. दुःखाचं बहुधा असंच काहीतरी करावं लागतं. मोल्सहाइमच्या गाड्यांचा हिशेब अभ्यासकांनी चेसिस नंबर लावून ठेवलेला आहे: कुठली कधी बनली, कुणी घेतली, कुठं जळाली. मी बघितलेल्या कुठल्याही यादीत आमच्या बाजूचं एकही गाव नव्हतं. मला वाटायचं, यादी अपुरी असणार. इंदूरच्या यशवंतराव होळकरांसाठी १९३५ची ड्यूसेनबर्ग आली, कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक आजही दसऱ्याला निघते. मग आमच्याकडच्या एखाद्या छोट्या संस्थानात वापरलेली, तिसऱ्या हातची बुगाटी यायला काय हरकत आहे?

याच काळात एका चहाच्या गाड्यावर कुणीतरी सांगितलं की बैलहोंगलच्या वाटेवरच्या एका गावात जुने मोल्डर राहतात. पूर्वी बेळगावात ओतकाम करायचे, तुमच्या आज्जांना ओळखत असतील. बेळगाव हे ओतकामाचं गाव. काळी वाळू, भट्टी आणि हातावरचे पांढरे डाग यांवर इथल्या किती घरांच्या चुली पेटल्या, हे उद्यमबागेत, इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, फिरल्याशिवाय कळत नाही. मी फोन लावला. आवाज थकलेला, बोलणं कन्नड. माझं कन्नड बाजारापुरतं. मी नाव सांगितलं, आज्जांचं सांगितलं आणि विचारलं, ती रेसची गाडी होती का हो? लाइन खरखरत होती. पलीकडून आलं, "इल्ल..." आणि फोन तुटला.

इल्ल म्हणजे नाही. सीमाभागातल्या लहान पोरालाही हा शब्द येतो. मी परत फोन केला नाही.

त्यानंतरच्या दिवसांत मी त्या गाड्यांबद्दल वाचत राहिले ज्या होत्या हे सिद्ध आहे, पण ज्यांचं काही उरलेलं नाही. फियाट ८०६ त्यातली. दीड लिटर, बारा सिलिंडर. ४ सप्टेंबर १९२७ला मोन्झाला मिलान ग्रां प्रीत पिएत्रो बोर्दिनो तिला घेऊन उतरला आणि जिंकला. ती तिची एकच शर्यत. मग कंपनीनं शर्यतीतून अंग काढून घेतलं आणि गाड्या मोडायला सांगितल्या. त्यातली एकही राहिली नाही. तरी तिच्या असण्यावर कुणी शंका घेत नाही, कारण वर्तमानपत्रं होती, फोटो होते, कंपनी होती. आमच्या गाडीला यातलं काहीच नव्हतं. मला हा अन्याय वाटायचा, आणि अजूनही वाटतो.

मग एके दिवशी ब्यूक आली.

एका ओळखीच्या गॅरेजात जुन्या सर्व्हिस पुस्तकांचा गठ्ठा विकायला काढला होता. ब्यूकचं पुस्तक उगाच चाळत होते. १९३१ ते १९५३ ब्यूकमध्ये एका ओळीत आठ सिलिंडरांचं इंजिन असायचं. ब्यूक जनरल मोटर्सची, आणि ती कंपनी १९२८पासून मुंबईत गाड्या जोडत होती. आमच्याकडच्या वाड्यांतून, डॉक्टरांच्या दारात असल्या अमेरिकन गाड्या काही अपूर्वाईच्या नव्हत्या. इंजिनाच्या पानावर तळाशी छापलं होतं, सिलिंडर पेटण्याचा क्रम: १-६-२-५-८-३-७-४.

दुकानदार काहीतरी किंमत सांगत होता. मी उभ्या उभ्या बोटं पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर ठेवली आणि तो क्रम वाजवला.

हा क्रम एकट्या ब्यूकचा नव्हे, त्या काळच्या बऱ्याच अमेरिकन आठ सिलिंडर गाड्यांचा आहे. पण आज्जांची परात मोल्सहाइमचं काही सांगत नव्हती एवढं मला तिथंच कळलं. यू-बोल्टनं बांधलेले पाटेही तसेच, साध्या गाडीचे. चाक मात्र बुगाटीचं. माझ्या हातात एका गाडीचं काळीज आणि दुसरीचे पाय होते, आणि अशी गाडी जगातल्या कुठल्याही कारखान्यानं कधी काढलेली नाही. कोणत्याही यादीत ती सापडणार नव्हती. काकांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बघ, मी सांगत होतो.

अशा अवस्थेत काही महिने गेले आणि एक फोन आला. तरुण आवाज, मराठी बेळगावचं. "ताई, आमचा अज्जा विचारुलाय, त्या बाई येतो म्हणून आल्याच न्हाईत कशा?"

मोल्डर अज्जा पंच्याऐंशीचे, अंगणात खाटेवर बसले होते. डोळे अधू, हात मात्र अजून जड, कामाचे. मी त्यांना म्हटलं, तीन वर्षांपूर्वी मी विचारलं होतं, तुम्ही 'इल्ल' म्हणालात. त्यांनी नातवाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि जरा रागानं म्हणाले, "ना इल्ल अंदिल्ल. इल्ले अंदे. इल्ले माडिद्वि."

मी 'इल्ल' म्हटलंच नाही. 'इल्ले' म्हटलं. इथंच. इथंच केली आम्ही.

इल्ल म्हणजे नाही, इल्ले म्हणजे इथंच. दोन्हींमध्ये एका मात्रेचं अंतर, आणि फोन तेवढ्यातच तुटला होता. पण मला हलवलं ते पुढच्या शब्दानं. माडिद्वि. केली. मराठीत गाडी 'करणं' म्हणजे भाड्यानं ठरवणं. लग्नाला गाडी केली, पंढरपूरला जायला गाडी केली. आज्जा साठ वर्षं सांगत होते, आम्ही गाडी केली होती. आणि आम्ही सगळे, त्यांच्यावर विश्वास ठेवणारे आणि न ठेवणारेही, विचारत राहिलो: कुणाकडनं केली?

अज्जांनी सांगितलं ते तुकड्या-तुकड्यांत, निम्मं नातवानं मराठीत आणून दिलं. ते तेव्हा अकरा-बारा वर्षांचे, फौंड्रीत वाळू चाळायला. अपघातात चेपलेली एक मोठी अमेरिकन गाडी वाड्यातून आली. वरची बॉडी काढून टाकली, चेसिस कापून आखूड केली, इंजिन मागं सरकवलं. पत्रा शहापुरातल्या तांबटाकडून ठोकून घेतला. चाकं फौंड्रीत ओतली. विमानाचं भंगार आणि जुने पिस्टन वितळवून धातू केला. पहिल्या चार चाकांतल्या एकात पोकळ्या निघाल्या, ते फोडून परत भट्टीत टाकलं. असं का केलं, तारांची चाकं तर होती ना? अज्जा म्हणाले, तुमचा आज्जा कॅम्पातून रद्दी आणायचा, पार्ट गुंडाळायला. त्यात चित्र होतं. त्याला तसंच चाक पाहिजे होतं.

अज्जांच्या आठवणीत गाडी लाल आहे. आज्जांच्या गोष्टीत ती बिनरंगाची. अज्जा धावपट्टीवर गेले नव्हते, आणि धाकटे सरकार कोण ते त्यांना ठाऊक नाही. बारा वर्षांच्या मुलाची आठवण, सत्तर वर्षांनी सांगितलेली. हे मी लिहून ठेवते, कारण मला खरं कळायला हवं आहे. मला बरं वाटावं एवढंच असतं तर मी बुगाटीवरच थांबले असते.

निघताना ते म्हणाले, पॅटर्न माळ्यावर असेल.

जुनी फौंड्री बंद पडून शेड मोडायला काढली होती. मालकांच्या नातवानं मला शिडी लावून दिली. माळ्यावर पावसाचं पाणी झिरपून सगळं काळं झालेलं. पंपांची, गुऱ्हाळाच्या चरकांची, पिठाच्या गिरणीच्या पुल्यांची लाकडी पॅटर्न एकमेकांवर रचलेली. ओतायच्या वस्तूची आधी लाकडात हुबेहूब प्रतिकृती करतात, ती वाळूत दाबून काढली की राहते ती पोकळी, आणि त्या पोकळीत धातू. खालून चौथ्या थरात एक सागवानी चाक होतं. आठ पानं. रुंद, चपटी. एका पानाचं टोक उंदरांनी खाल्लेलं.

ते मी उद्यमबागेतल्या एका निवृत्त पॅटर्नमेकरांकडे नेलं. त्यांनी मला जे शिकवलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. धातू निवला की आकसतो, म्हणून पॅटर्न मुद्दाम थोडं मोठं करतात, आणि त्यासाठी या लोकांची फूटपट्टीच निराळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा मोठा. बिडासाठी फुटामागे एक अष्टमांश इंच जास्त, ॲल्युमिनियमसाठी पाच बत्तिसांश. म्हणजे पॅटर्न मोजलं तर ते कुठल्या धातूसाठी केलं होतं हे कळायला हवं. बिडाचं असेल तर एखाद्या यंत्राचा पंखा. ॲल्युमिनियमचं असेल तर, तर मग...

त्यांनी सहा ठिकाणी मोजलं. वीसेक इंचांच्या चाकात दोन्ही पट्ट्यांचा फरक दीड मिलिमीटरसुद्धा पडत नाही. आणि सागवान झालं तरी लाकूडच, त्यानं बेळगावचे सत्तर पावसाळे प्यायलेले. ते आडवं एवढं फुगलंय आणि उभं तेवढं आखडलंय की दीड मिलिमीटर त्यात केव्हाच बुडाला. मागच्या बाजूला मध्यभागी एक गोल उंचवटा आहे. तो ब्रेकच्या ड्रमचा असू शकतो. बेअरिंगच्या बैठकीचाही असू शकतो. पॅटर्नमेकरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "ताई, मी शपथेवर काही सांगणार न्हाई. पण पंख्याची पानं तिरकी असतात. ही सरळ आहेत."

इटलीच्या एका गाडीची गोष्ट मी त्या रात्री परत वाचली. फियाट एस ७६, १९११च्या आसपासची, चार सिलिंडरांत मिळून अठ्ठावीस लिटरांहून मोठं इंजिन. अशा दोनच केल्या होत्या. शंभरेक वर्षांनी डंकन पिटवे या इंग्रज माणसानं एकीची चेसिस आणि दुसरीचं इंजिन एकत्र आणलं, जे उरलं नव्हतं ते जुन्या फोटोंवरून नव्यानं घडवलं, आणि २०१४मध्ये ते इंजिन पुन्हा पेटलं. कुणी म्हणत नाही की ती एस ७६ नव्हे. वाचलं आणि पुस्तक उशाशी ठेवून रडले. आज्जांनी तेच केलं होतं: एका गाडीचं इंजिन, आणि रद्दीतल्या एका चित्रावरून चाक. मला मात्र इतकी वर्षं ती गाडी मोल्सहाइमची हवी होती. ती परदेशात, दुसऱ्या कुणाच्या हातून झालेली असेल तरच ती होती, असं मी ठरवून टाकलं होतं. आज्जांनी झेरॉक्सवर बोट ठेवून म्हटलं होतं 'चाक हेच', आणि पाटे आपले साधे होते हेही सांगितलं होतं. तेवढ्यात सगळं होतं. मी दुसरं वाक्य घेतलं नाही.

गेल्या पावसाळ्यात, उघडीप बघून, मी ते पॅटर्न चादरीत गुंडाळून बैलहोंगलच्या वाटेवरच्या त्या गावी नेलं. आत्याही आली, हट्टानं. मोल्डर अज्जांना आता जवळजवळ दिसत नाही. मी काही न सांगता चाक त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी आधी घेर चाचपला. मग एकेक पान मोजलं, ओठांत, कन्नडमध्ये: ओंदु, एरडु, मूरु. आठव्या पानाला उंदरांनी खाल्लेल्या टोकावर अंगठा थांबला आणि ते चुकचुकले. मग त्यांनी चाक उलटं केलं आणि पानांच्या कडेचा ढाळ बोटानं बघायला लागले. वाळूतून पॅटर्न काढताना साचा मोडू नये म्हणून कडेला किंचित उतार ठेवतात, तो. पाचव्या पानाशी आले आणि थबकले. तिथं परत बोट फिरवलं.

नातवानं मराठीत सांगितलं, "हितं घासायचं राहिलंय म्हणतोय. मेस्त्रीला तवाच सांगितलेलं, हे पान वाळू धरतंय म्हणून. घाई केली म्हणतोय."

आत्या पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

अज्जांनी पॅटर्न दोन्ही गुडघ्यांमध्ये पक्कं धरलं, पाचवं पान वर करून, आणि माझ्या दिशेनं हात पुढं केला.

"पॉलिश पेपर ऐतेन?"

आहे का, असं ते विचारत होते. माझ्याकडं नव्हता. नातवानं मोटरसायकलला किक मारली आणि आम्ही दोघं आणायला निघालो.